तंबाखूमुक्तीचे औषध आवश्यक यादीत. कामगाराच्या हाती कधी?

बोम्मसंद्रा (बंगळुरू) : बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावर वसलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीपर्यंत ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका पोहोचली. याच वसाहतीत डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायणा हृदयालय आणि त्याच संकुलातील मजुमदार शॉ कर्करोग केंद्र आहे. हृदयविकार आणि कर्करोग या दोन्ही व्याधींच्या टाळता येण्याजोग्या कारणांत तंबाखू अग्रस्थानी आहे. व्याधी जडल्यानंतरच्या उपचारांची एवढी मोठी व्यवस्था कारखान्यांच्या शेजारी उभी राहिली. मात्र तंबाखू सोडविणारे औषध कामगाराला तितक्या सहजतेने मिळते का, हा प्रश्न देशातील प्रत्येक औद्योगिक वसाहतीला लागू पडतो.

व्यसन सोडणे हा मनोनिग्रहाचा विषय आहे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. वैद्यकशास्त्र त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. धुरावाटे घेतलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूला त्याची सवय जडली, की ते न मिळाल्यास तलफ, चिडचिड आणि निद्रानाश सुरू होतो. औषधे हीच अवस्था सुसह्य करतात. निकोटिनचा च्युइंगम, गोळी किंवा त्वचेवर लावावयाची पट्टी धुरातील विषारी द्रव्यांविना अल्प प्रमाणात निकोटिन पुरवते. पुढे हे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटविले जाते. व्हॅरेनिक्लिन मेंदूतील निकोटिनच्या ग्राहकांना सौम्य चालना देऊन तलफ शमविते आणि सिगारेटमधून मिळणारे समाधानही कमी करते. मूळचे नैराश्यावरील औषध असलेले ब्युप्रोपियनही याच कामी येते. मात्र अपस्माराच्या रुग्णांना ते दिले जात नाही.

या औषधांच्या परिणामकारकतेचा भक्कम पुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ देशांतील आठ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांवर ही चाचणी झाली होती. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत धूम्रपानापासून सलग दूर राहिलेल्यांचे प्रमाण व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत २१.८ टक्के, ब्युप्रोपियन घेणाऱ्यांत १६.२ टक्के, पट्टी वापरणाऱ्यांत १५.७ टक्के आणि औषधाविना केवळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ९.४ टक्के आढळले. व्हॅरेनिक्लिनच्या मानसिक दुष्परिणामांविषयीची भीतीही या चाचणीने बरीचशी दूर केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने वेष्टनावरील ठळक इशारा हटविला. औषध घेऊनही बहुसंख्यांना पहिल्या प्रयत्नात यश येत नाही, हेही या आकड्यांतून दिसते. त्यामुळे औषधाला समुपदेशनाची जोड आणि पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा, दोन्ही आवश्यक ठरतात.

भारतात इच्छेची वानवा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६.७ कोटी लोक, तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ते सोडण्याच्या विचारात होते. मात्र प्रत्यक्ष प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी तो कोणत्याही मदतीविना केला.

धोरणाच्या पातळीवर पावले पडली आहेत. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशात पहिली १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी सेवेचा २०१८ मध्ये विस्तार झाला. बंगळुरूची निम्हान्स आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी झाले आणि हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये निकोटिनपर्यायी उपचाराचा समावेश राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत करण्यात आला. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम तर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू शकतो.

तथापि, यादीत नाव असणे आणि दवाखान्याच्या खिडकीवर औषध हाती पडणे, यांत अंतर आहे. खुली सिगारेट वा विडीचे बंडल रोजच्या कमाईतून सुटे विकत घेता येते; औषधाचा कोर्स मात्र साधारण आठ ते बारा आठवडे चालतो आणि त्याचा खर्च एकत्रित डोळ्यांसमोर येतो. करधोरणानेही या प्रश्नाची गुंतागुंत वाढविली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्के दर ठरविला, तर श्रमिकांत खपणाऱ्या विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला.

महाराष्ट्रासाठी या चर्चेला आणखी एक पैलू आहे. याच सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३.८ टक्के, तर मळलेली तंबाखू, खर्रा, मावा, मिसरी अशा धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. तंबाखू सोडविणाऱ्या औषधांवरील बहुतांश संशोधन मात्र धूम्रपानाविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या उपचार मार्गदर्शिकेत धूरविरहित तंबाखूच्या सेवनावरही निकोटिनपर्यायी उपचार वा व्हॅरेनिक्लिनची शिफारस केली आहे. ही शिफारस येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत उतरणे महत्त्वाचे आहे.

याची सुरुवात औद्योगिक वसाहतींतून होऊ शकते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यांत ही औषधे विनामूल्य ठेवणे, कारखान्यांतील नियतकालिक आरोग्य तपासणीत तंबाखूविषयी प्रश्न विचारून तेथेच उपचार सुरू करणे आणि स्थलांतरित कामगाराला त्याच्या भाषेत समुपदेशन मिळवून देणे, यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही. धूम्रपान सोडल्यानंतर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो. बोम्मसंद्र्यातील शस्त्रक्रियागृहापर्यंत जाणारी वाट अनेकांसाठी अलीकडेच थांबवता येईल. त्यासाठी मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणेच तंबाखूमुक्तीचे औषधही सरकारी दवाखान्यातून रोज दिले गेले पाहिजे.