लिथियम बॅटरी घ्या, पण चार्जर तपासून

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी इन्व्हर्टरची आठवण होते. दुकानदार आता पाण्याच्या ट्युबुलर बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची पेटी पुढे करतो. माल चांगला आहे. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी यांनी हे रसायन जगापुढे मांडले. त्यातला ऑक्सिजन फॉस्फेटने घट्ट धरून ठेवलेला असतो, म्हणून ही बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांसारखी सहजी पेट घेत नाही. पण तेवढ्या भरवशावर ती जुन्याच इन्व्हर्टरला जोडायची जी पद्धत पडत चालली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टच्या पेटीत चार सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे पेटीची १४.६. रोजच्या वापराला १४.२ ते १४.४ पुरे. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर मात्र सेल समान पातळीवर आणण्यासाठी अधूनमधून १५ व्होल्टच्याही पुढे जातात. शिशाला ते औषध आहे, लिथियमला विष.

‘आत बीएमएस आहे, काळजी कशाला?’ असे उत्तर हमखास मिळते. बीएमएस म्हणजे मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडणारे सर्किट. ते अडीअडचणीसाठी आहे. रोजचे चार्जिंग त्याच्या जिवावर सोडायचे नसते. बॅटरी पार उतरली की हेच सर्किट ती बंद करते. मग जुन्या इन्व्हर्टरला बॅटरी दिसतच नाही आणि चार्जिंग सुरू होत नाही. अशा वेळी वायरमन बीएमएस वगळून थेट वायर जोडू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो. त्यावर ट्युबुलर, फ्लॅट, एसएमएफ एवढेच लिहिले असेल आणि लिथियम नसेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय जोडणी करू नका. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीला २० अँपिअरचा प्रवाह मानवतो, घाई नको. टर्मिनलचे नट घट्ट हवेत, कारण ढिला जोड तापतो. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी शून्य ते ४५ अंश तापमान सांगतात. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा ही मर्यादा सहज ओलांडतो, तेव्हा पेटी खाली, हवेशीर जागी ठेवा. पेटी फुगलेली दिसली तर चार्जिंग त्याच क्षणी बंद.

खरेदी करताना कमाल चार्जिंग व्होल्टेज, कमाल प्रवाह आणि आपल्या इन्व्हर्टरच्या मॉडेलला ही बॅटरी चालते, या तीन गोष्टी बिलावर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. जो दुकानदार लिहून देत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.