परतावा कोणाचा, जोखीम कोणाची?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो घरांत एक हिशेब सुरू होतो. संगणक अभियांत्रिकीच्या पदवीसाठी कर्ज किती काढावे लागेल आणि पुढे मिळणाऱ्या पगारातून ते किती वर्षांत फिटेल, हा तो हिशेब. बँकांचे अधिकारी, महाविद्यालयांचे प्रतिनिधी आणि वृत्तपत्रांतील मार्गदर्शक एकमुखाने सांगतात की हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. कर्जाला कचरू नका. गॅरी बेकर यांनी १९६४ साली ग्रंथरूपाने मांडलेला मानवी भांडवलाचा सिद्धांत या उपदेशामागे उभा आहे, उपदेशकांना तो ठाऊक असो वा नसो. ज्याची मिळकत वाढणार त्यानेच शिक्षणाचा खर्च सोसावा, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावण्यात आला आहे.

हा अर्थ घटकाभर मान्य करून आकडे मांडून पाहावेत. दरसाल दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याजाने घेतले असे धरू. शिक्षणकाळात आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत राहते. सरळव्याजाने धरले तरी परतफेडीच्या पहिल्या दिवशी देणे ८ लाख १० हजार झालेले असते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,७०० रुपये आणि एकूण फेड पावणेतेरा लाखांच्या वर. हप्ता झेपत नाही म्हणून मुदत पंधरा वर्षे केली तर तो ८,७०० वर उतरतो; एकूण फेड मात्र साडेपंधरा लाखांच्या पलीकडे जाते. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याला तीच पदवी अधिक महाग!

आता मिळकतीची बाजू. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा-कंपन्यांत सामान्य नवपदवीधराचा वार्षिक पगार दशकापूर्वी सव्वातीन लाखांच्या घरात होता. आज तो साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. याच काळात, २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ मध्ये १९० ओलांडून गेला. वास्तव वेतन किती घसरले हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. कपाती जाऊन महिन्याला पंचवीस हजार हाती पडले, तर हप्ता वजा जाता उरतात चौदा हजार. त्यात पुण्यातील खोलीभाडे, खाणावळ, प्रवास आणि गावी पाठवायचे पैसे! शिवाय वेळेवर रुजू होता आले तरच हा हिशेब. २०२२ साली नियुक्तिपत्र हाती असूनही अनेक तरुणांना वर्ष-दोन वर्षे ताटकळत ठेवले गेले. बँकेचे व्याज तेवढे ताटकळले नाही.

वीस-पंचवीस लाखांचे पगार मिळवणारे पदवीधरही आहेत, असे यावर सांगितले जाते. आहेतच. पण चार-दोन जणांच्या मिळकतीने वर उचललेली सरासरी उरलेल्यांचा हप्ता भरत नाही.

खरा प्रश्न जोखमीचा आहे. महाविद्यालयाला शुल्क आगाऊ मिळते. बँकेच्या साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जाला २०१५ पासून सरकारी हमी निधीचे कवच आहे. बुडीत रकमेच्या ७५ टक्के तेथून येतात. कंपनीला शिकलेली श्रमशक्ती फुकट मिळते आणि मागणी घटताच ती दारही बंद करू शकते. उघड्यावर राहतो तो विद्यार्थी आणि सहकर्जदार म्हणून सही करणारा त्याचा बाप. दिवाळखोरी संहितेखाली निकाली निघालेल्या बड्या कर्जदारांच्या प्रकरणांत बँकांनी दाव्याच्या जेमतेम एकतृतीयांश रकमेवर समाधान मानले. तसे औदार्य शेतकऱ्याच्या मुलाच्या वाट्याला येत नाही. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत आहे खरी, पण साडेतीन लाख मिळवणाऱ्याला कर द्यावाच लागत नाही. तेव्हा सवलत कोणासाठी, हे उघड आहे.

ही स्थिती आकाशातून पडलेली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा दिली. चारच वर्षांत देणगीशुल्काविरुद्ध कायदा करावा लागला, यातच सर्व आले. त्या एका निर्णयाने शिक्षणाचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून उचलून कुटुंबाच्या डोक्यावर ठेवला आणि पुढे बँकेने येऊन त्या ओझ्याला हप्ते बांधून दिले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पुन्हा छापली. अंमल अद्याप झालेला नाही.

पैसा नाही ही सबब टिकणारी नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण भरण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलाच. तो स्वागतार्ह आहे. परंतु वसतिगृह आणि खाणावळ त्यात येत नाहीत, मुलगे बाहेर राहतात आणि सार्वजनिक पैसा खासगी संस्थांच्या तिजोरीत जातो. त्याच पैशातून शासकीय महाविद्यालयांतील जागा आणि वसतिगृहे का वाढवू नयेत? आणि ज्या कंपन्या या पदवीधरांवर नफा कमावतात, त्यांच्याकडून त्या नफ्यावर शिक्षण-अधिभार का वसूल करू नये?

प्रवेशाचा हंगाम तोंडावर आहे. राष्ट्रीय मानांकनासाठी माहिती देणारी महाविद्यालये किती पदवीधरांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे केंद्र सरकारला दरवर्षी कळवतात. त्यांच्या फलकांवर मात्र झळकतो तो सर्वोच्च पगार. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हे मध्यक आकडे मिळवावेत आणि शुल्काच्या आकड्याशेजारी ठळक अक्षरांत लिहून प्रवेश-केंद्रांच्या दारात लावावेत.