यंत्र थांबवायचे कोणी?

शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गाच्या एका पुलावर गर्डर बसविणारा अवाढव्य लाँचर कोसळला आणि वीस जणांचा बळी गेला. बहुतेक मृत परप्रांतांतून पोटासाठी आलेले होते. शोक झाला, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या, गुन्हे दाखल झाले. पुढे महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि आता नागपूरहून निघालेली मोटार ७०१ किलोमीटरच्या ह्या रस्त्याने त्याच टापूतून वेगाने निघून जाते. रस्ता चांगला झाला आहे, ह्यात शंका नाही. शंका आहे ती निराळीच. असली प्रचंड यंत्रे विकत वा भाड्याने आणण्याची ऐपत आपल्याला आली. ती वापरण्याची व्यवस्था आपण उभी केली आहे काय?

यंत्राचे आपल्याला कौतुक फार. मातीकाम करणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला खेडोपाडी ‘जेसीबी’ म्हणतात आणि खोदाई करणाऱ्या कोणत्याही यंत्राला ‘पोकलेन’. पहिले नाव एका इंग्रज कारखानदाराचे, दुसरे एका फ्रेंच कंपनीचे. पुढाऱ्यांच्या मिरवणुकीत ह्याच जेसीबीच्या खोऱ्यातून फुले आणि गुलाल उधळण्याची नवी रीत महाराष्ट्राने शोधून काढली आहे. ज्या खोऱ्याने टनावारी माती उचलायची ते माणसांच्या डोक्यावर झुलत ठेवण्यात काही वावगे आहे, असे ना पुढाऱ्याला वाटते, ना बंदोबस्तावरच्या पोलिसाला. यंत्राकडे खेळणे म्हणून पाहण्याची ही सवय बांधकामाच्या जागी पोहोचली की जिवावर बेतते.

लाँचर म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पुलाच्या दोन खांबांवर टेकलेली ही एक लांबलचक पोलादी चौकट असते. ती काँक्रीटचे भाग वर उचलते, पोलादी तारा ताणून ते एकसंध होईपर्यंत धरून ठेवते, आणि एक गाळा पुरा झाला की स्वतःच पुढच्या खांबाकडे सरकते. हे सरकणे सर्वांत नाजूक. त्या वेळी तिचा तोल, तिला खांबाशी जखडणारे बोल्ट आणि खालच्या टेकूंची मजबुती, यांपैकी एकात कसर राहिली तरी शेकडो टनांचे ओझे सावरण्यास दुसरे काहीच उरत नाही. वाऱ्याचा वेग, भार, कल हे सारे मोजणारी उपकरणे आता उपलब्ध आहेत. पण उपकरण इशारा देते, निर्णय माणसाला घ्यावा लागतो.

तो माणूस कोण? साध्या क्रेनचेच पाहा. तिच्या केबिनमध्ये सुरक्षित भाराची मर्यादा दाखविणारे यंत्र असते. भार मर्यादेपलीकडे गेला की ते कर्णकर्कश वाजू लागते आणि क्रेनची हालचाल रोखते. काही कारणाने ते तात्पुरते बंद करता यावे म्हणून एक किल्लीही असते. ही किल्ली वस्तुतः जबाबदार अभियंत्याच्या ताब्यात असावयास हवी. पुष्कळ ठिकाणी ती केबिनमध्येच लटकत राहते. ऑपरेटर बहुधा कोणा उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून राहून शिकलेला असतो. त्याचे हात तयार असतात, पण ते यंत्र एका मालकाचे, त्याची नेमणूक दुसऱ्याची, भार बांधणारे खलाशी तिसऱ्या पोटकंत्राटदाराचे आणि कामाची घाई मुख्य कंत्राटदाराची. यंत्राचे भाडे तासावर चालू असते. उशीर झाला तर दंडाचे कलम वेगळे. अशा साखळीतल्या शेवटच्या कडीने ‘आज वारा जास्त आहे, मी उचलणार नाही’ असे म्हणावे, ही अपेक्षा धरणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय ठेवून त्याला शौर्याचा उपदेश करण्यासारखे आहे.

दिल्लीत १२ जुलै २००९ रोजी जमरूदपूर येथे मेट्रोच्या खांबाचा भाग ढासळून लाँचर खाली आला आणि सहा जण ठार झाले. ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देऊ केला. तो मान्य झाला नाही. पण अधिक बोलकी घटना दुसऱ्या दिवशीची होती. तो लाँचर हटविण्यासाठी लावलेल्या क्रेनपैकी एकीने दगा दिला आणि तिच्या शेजारच्याही कोलमडल्या. अनेक क्रेन मिळून एकच ओझे उचलतात तेव्हा एकीचा भार क्षणात इतरांवर पडतो, हे कोणत्याही जाणत्या खलाशाला ठाऊक असते. उणीव ज्ञानाची असेलच असे नाही. साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना ‘थोडे थांबा’ म्हणणे कठीण होते.

हे आपल्याला जमणारच नाही, असा निराशेचा सूर काढण्याचेही कारण नाही. भाक्रा धरणाच्या कामावर हार्वे स्लोकम ह्या अमेरिकी बांधकाम अधीक्षकाच्या देखरेखीखाली, अवजड यंत्रांशी पूर्वी कधी गाठ न पडलेली भारतीय माणसे तयार झाली. स्लोकम यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण कामावर त्यांचा शब्द चाले. अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईचेच आहे. कुलाबा ते सीप्झ ह्या भुयारी मेट्रोसाठी सतरा बोगदा-यंत्रे गिरगाव, काळबादेवीसारख्या भागांत जुन्या इमारतींच्या पायांखालून खोदत गेली. भिंतीचा कल आणि जमिनीचे खचणे उपकरणांनी सतत मोजले जात होते आणि त्या आकड्यांवर यंत्राची गती ठरत होती. तेथे अपघात मुळीच झाले नाहीत असे नव्हे. पण भुयाराच्या वर मुंबईकर राहतात, ह्या एका जाणिवेने यंत्रावर लगाम राहिला. लाँचरखाली राहतात ते केवळ मजूर.

कायद्याचे म्हणावे तर तो आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पूर्वी पाचशे कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, आता अडीचशेंवर. ही सुधारणा स्वागतार्ह होय. परंतु संहितेचे चौदावे कलम बारकाईने वाचावे. जिवाला तत्काळ धोका आहे असे वाटल्यास कामगाराने ते मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणावे, मालकाची खात्री पटल्यास त्याने उपाय करावा, न पटल्यास प्रकरण निरीक्षकाकडे जावे आणि त्याचा निर्णय अंतिम मानावा. तोवर काम थांबविण्याचा हक्क मात्र ह्या कलमाने कामगाराला दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या बांधकामविषयक १९८८ च्या करारनाम्यात धोक्यापासून दूर होण्याचा कामगाराचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. लाँचर कलू लागल्यावर निरीक्षकाच्या निर्णयाची वाट पाहण्यास किती अवधी मिळतो, ह्याचा विचार संहिता करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

असा हक्क दिला तर उठसूट कामे बंद पडतील, असा आक्षेप घेतला जाईल. कामचुकार माणूस सर्वत्र असतो. तो केबिनमध्येही असेल. पण तासाचे भाडे चालू असताना खोटा बहाणा करणारा ऑपरेटर फार काळ टिकत नाही, ह्याची काळजी कंत्राटदार घेतातच. शासनाला करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. निविदेत यंत्राच्या तपासणीचा आणि देखभालीचा खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे कमीत कमी दर भरण्याच्या शर्यतीत तो कापला जाणार नाही. यंत्राचा ऑपरेटर, त्याचे खलाशी आणि देखभालीचा मेकॅनिक हे एकाच मालकाच्या हजेरीवर असावेत. ऑपरेटरने काम थांबविले तर तो वेळ उशिराच्या दंडातून वगळावा, आणि त्याचे कारण त्याच्याच शब्दांत नोंदवहीत उतरावे, मग ते मराठीत असो वा भोजपुरीत. आणि अशा प्रत्येक दुर्घटनेचा चौकशी अहवाल विधिमंडळासमोर ठेवून छापून विक्रीस काढावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पूल कसे उभारतात हे पाठ्यपुस्तकात शिकवतात. ते कसे कोसळले हे मात्र त्यांना वर्तमानपत्राच्या चार ओळींत वाचावे लागते.