हत्यारांची पेटी आणि हजेरीपत्रक

स्वतंत्र धंदा करणारा प्लंबर वा वायरमन कंपनीच्या चाकरीत शिरला, की ‘स्वातंत्र्य विकले’ म्हणण्याची आपल्या पांढरपेशांना (स्वतः पगारावरच जगणाऱ्या!) मोठी हौस. आम्हांस हा आरोप अन्यायाचा वाटतो. रिकामे दिवस, थकलेली उधारी, आजारपण यांची झळ त्यास एकट्यालाच सोसावी लागते. उलट, १९५२ च्या कायद्याने सुरू झालेल्या भविष्यनिर्वाह निधीत मालकही आपला वाटा घालतो. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विम्यातून पात्र कामगाराच्या कुटुंबासही औषधोपचार मिळतो. मात्र काम कंपनीचे आणि हजेरीपत्रक कंत्राटदाराचे, हा प्रकार सर्रास चालतो. तेव्हा पेटी विकण्यापूर्वी नेमणूकपत्रावर सही कोणाची, हे त्याने पाहावेच. आणि कापलेली वर्गणी खात्यात खरोखर जमा होते की नाही, हेही दरमहा.