जुन्या जर्सीचा सौदा : अक्षर नको, इंच विचारा

जुन्या फुटबॉल जर्सीला आता भाव आला आहे. १९८६ च्या अर्जेंटिनाची, १९९४ च्या ब्राझीलची, १९९८ च्या फ्रान्सची जर्सी तरुण मंडळी मोबाईलवर शोधतात. हिंगोली, वसमत, कळमनुरीचा तरुणही ती घरबसल्या मागवू शकतो आणि रेडिमेडचा दुकानदार ती विकायला ठेवू शकतो. फुटबॉल आपल्या भागाला परका नाही. हिंगोली हैदराबाद राज्यात होती, त्या काळात सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता.

धंदा म्हणून हा माल वाईट नाही. पण त्यात पैसा अडकतो तो मापात. आमचे स्पष्ट मत असे की, लेबलवर एम, एल किंवा एक्सएल लिहिले आहे एवढ्यावर जुनी जर्सी घेऊही नये आणि विकूही नये. वसमतच्या बाजारात पोत्यावरची चिठ्ठी वाचून कोणी हळदीचा सौदा करत नाही. पोते उघडतात, कांडी मोडून बघतात, मग काट्यावर वजन होते. कपड्याच्या बाबतीत तो काटा म्हणजे टेप.

लेबल का फसवते हे समजून घेतले पाहिजे. एल या अक्षराचे माप सर्व कंपन्यांत सारखे नसते. १९९० च्या दशकातल्या जर्सी ढगळ असत. त्या काळचा एम आजच्या एलएवढा निघू शकतो. उलट आज ज्याला 'प्लेअर व्हर्जन' म्हणतात, ती जर्सी अंगाला चिकटून बसते आणि नेहमीचे अक्षर घेतले तर घट्ट होते. जुन्या इंग्लिश जर्सीवर ४२/४४ असे आकडे असतात. ते अंगाच्या छातीचे माप असते, कापडाचे नव्हे. मुलांच्या मापातला एक्सएल मोठ्या माणसाला होत नाही, आणि फोटोत हा फरक कळत नाही. शिवाय जुनी सुती जर्सी धुण्यात आटलेली असू शकते. आपल्या देशातही मापांचा असाच गोंधळ आहे. म्हणूनच निफ्ट या संस्थेने सुमारे २५,००० लोकांची मापे घेण्याचे 'इंडिया साइज' सर्वेक्षण हाती घेतले.

उपाय सोपा आहे. आपल्याला चांगला बसणारा एक टी-शर्ट टेबलावर सपाट पसरावा, न ओढता सुरकुत्या काढाव्यात आणि एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेच्या शिलाईपर्यंत टेप धरावा. समजा २१ इंच भरले, तर कपड्याचा घेर ४२ इंच झाला. अंगाची छाती ३८ असेल, तर लूज ४ इंच. मग विक्रेत्याला हेच माप विचारावे आणि टेप लावलेला फोटो मागावा. सपाट मापातला एक इंच म्हणजे घेरात दोन इंच, हे विसरू नये. उंची कॉलरजवळच्या खांद्यापासून खालच्या पट्टीपर्यंत घ्यावी. जुन्या जर्सीचा खांदा बहुधा उतरता असतो, म्हणून केवळ खांद्याच्या मापावर निर्णय करू नये. परदेशी विक्रेता सेंटीमीटर सांगतो, त्याला २.५४ ने भागावे. ५४ सेंटीमीटर म्हणजे साधारण सव्वा एकवीस इंच.

दोन मापांत मन अडले तर मोठे घ्यावे. मोठी जर्सी बाजूने दाबता येते. लहान जर्सी सैल करता येत नाही, कारण ओव्हरलॉकच्या शिलाईत आत कापडच उरत नाही. मात्र दुर्मिळ जर्सी दाबली की संग्राहकाच्या नजरेत तिची किंमत उतरते, हेही लक्षात असावे.

कायद्याची बाजूही दुकानदाराने जाणली पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर ऑनलाईन व्यापाऱ्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पण विक्रेत्याने फक्त एल लिहिले आणि लेबलवरही एलच असेल, तर तक्रारीत दम राहत नाही. त्याने इंच लिहून दिले असतील तरच त्याला धरता येते. दुसरे असे की, पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. वीस जर्सी दुकानासाठी मागवल्या आणि बारा लहान निघाल्या, तर नुकसान व्यापाऱ्याच्याच माथी बसते. लहान भांडवलाच्या माणसाला हा फटका झेपत नाही. परदेशातून जुन्या कपड्यांच्या गाठी परवान्याशिवाय आणता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

काही दुकानदार बांधव म्हणतात, गिऱ्हाईकाला इंच कळत नाहीत, अक्षरच कळते. हे आम्हाला पटत नाही. आपल्याकडे घराघरांत ईदचे कपडे शिंप्याकडे माप देऊन शिवले गेले आहेत. छाती, उंची, खांदा हे शब्द आपल्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. ते विसरायला लावले ते रेडिमेडच्या लेबलने. रेडिमेडमुळे ज्या कारागिराचे काम कमी झाले, त्याचाच हात येथे पुन्हा उपयोगी पडतो. जर्सी विकू पाहणाऱ्या तरुणाने शेजारच्या शिंप्याला सोबत घ्यावे. प्रत्येक नगाची छाती, उंची, खांदा आणि बाही मोजून चिठ्ठी लावावी. डाग, उसवण, नंबराला पडलेल्या भेगा त्याच चिठ्ठीवर लिहाव्यात. जुन्या नमुन्यावर नवीन बनवलेली जर्सी असेल तर तसे स्पष्ट सांगावे; नकलेला अस्सल म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. शिंप्याला त्याची मजुरी द्यावी. परतीचा खर्च वाचला तर ती मजुरी जड जाणार नाही.

शेवटी हा प्रश्न इमानाचा आहे. मापात आणि वजनात कमी देणाऱ्यांना कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीनने सुरुवातीलाच ताकीद दिली आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल दाखवली आणि ती वर का ठेवली नाही, असे विक्रेत्याला विचारले. मोबाईलवरचा गिऱ्हाईक राशीत हात घालू शकत नाही. त्याच्या वतीने तो हात विक्रेत्यानेच घालायचा आहे. दूरच्या अनोळखी गिऱ्हाईकाला जो खरे माप लिहून देईल, त्याच्याकडे तो पुन्हा येईल, आणि त्या कमाईत बरकतही राहील, इन्शाअल्लाह.