जंगल सगळ्यांचं, मग मजुरी कुणाची?

हल्ली कुणाचा भाचा, कुणाची सून नोकरीनिमित्त स्वीडन-फिनलंडला असते. तिकडच्या जेवणात लाल, आंबटगोड जॅम असतो, तो लिंगॉनबेरीचा. वीतभर उंचीचं झुडूप, त्याला वाटाण्याएवढी लालचुटूक फळं. पाइन-स्प्रूसच्या जंगलात ती आपोआप उगवतात आणि ऑगस्टअखेर पिकायला लागतात. चव म्हणाल तर चांगलीच आंबट. गंमत म्हणजे या फळात बेन्झोइक आम्ल मुळातच असतं. त्यामुळे तिथल्या बायका ती नुसत्या पाण्यात बुडवून हिवाळाभर टिकवायच्या. ना साखर, ना मीठ! आपल्याला लोणचं टिकवायला केवढा खटाटोप.

तिथली एक रीत तर मला फारच आवडते. जंगलाचा मालक कुणीही असो, रानफळं तोडायला सगळ्यांना मुभा. कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही, एवढंच पथ्य. फिनलंडमध्ये तर अशी फळं तोडून विकली तर त्या पैशांवर आयकरही नाही.

पण मैत्रिणींनो, बाजारात जाणारी फळं हौसेने फिरायला गेलेली कुटुंबं तोडत नाहीत. 2005 पासून फिनलंडच्या जंगलात दर उन्हाळ्यात थायलंडहून माणसं येऊ लागली. बहुतेक ईशान्य थायलंडची, शेतकरी घरातली. विमानाच्या तिकिटासाठी कर्ज काढायचं. तिथे राहणं, जेवण, गाडी, सगळ्याचे पैसे कापून घेतले जायचे. हातात दातेरी फावडं घेऊन दिवसभर वाकून फळं ओरबाडायची आणि किलोवर पैसे मिळवायचे. फळ कमी धरलं त्या वर्षी कर्ज तसंच डोक्यावर. पगार का नाही? तर म्हणे, तुम्ही कुणाचे नोकर नाही, जंगल सगळ्यांना मोकळं आहे, तुम्ही स्वतःचा धंदा करताय!

हे वाक्य आपल्या ओळखीचं नाही का? घरी बिड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बायकांना हेच ऐकवतात. 'तुम्ही मोकळ्या, सवडीने करा.' सवड कसली? नगावर पैसे, खराब निघालेला माल परत, आणि दुखणारी कंबर आपली आपल्यापाशी. ज्याला माल हवाय, भाव जो ठरवतो, तो मालक नाही तर कोण? सगळ्यांना मोकळं असलेलं जंगल ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिच्या आडून मजुरी बुडवणं मला मुळीच पटत नाही.

तिथे निदान दाद लागली. 2025 मध्ये लॅपलँडच्या जिल्हा न्यायालयाने 62 थाई मजुरांच्या बाबतीत दोघांना चक्क मानवी तस्करीसाठी दोषी ठरवून तुरुंगवास सुनावला. त्याच वर्षीच्या हंगामापासून अशा मजुरांना नोकरीचा करार करूनच आणावं लागतं. यामुळे जॅम महागेल म्हणतात. महागू दे की!