बाळ कशाने गेले, हे विचारलेच पाहिजे



रामपायली, वारासिवनी, बालाघाट या पट्ट्यात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. देवळाचा उत्सव, पंचायतीची निवडणूक, मुलामुलींची लग्ने, सगळ्यांचा हिशेब आपण चोख ठेवतो. पण एखादे तान्हे बाळ गेले की “सर्दी झाली, पसली उडाली, डब्बा झाला” एवढ्यावर विषय संपतो. कारण कोणी विचारत नाही, म्हणून ते नोंदले जात नाही. आणि जे नोंदलेच नाही त्यावर उपाय तरी कशाच्या आधारे मागायचा?

विचारले तर काय घडते, हे आपल्या वैनगंगेच्याच खालच्या अंगाला गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथे बालमृत्यूंची गावोगाव नोंद केली, तेव्हा न्यूमोनिया हे मोठे कारण निघाले. १९८८-८९ मध्ये ५८ गावांत आरोग्यसेवक व दाईंना श्वास मोजून गोळ्या-औषध द्यायला शिकविले. अंक न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचे श्वासमापक बनविले. या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या ४४ गावांच्या मानाने निम्म्याहूनही कमी राहिले. १९९० मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

न्यूमोनिया हे मात्र एकाच जंतूचे काम नव्हे. फुप्फुसातला नमुना सहसा काढता येत नाही, रक्ततपासणीत जंतू क्वचितच सापडतो, आणि नाकातले जंतू धडधाकट मुलांतही असतात. म्हणून ‘पर्च’ या अभ्यासात आशिया-आफ्रिकेतील सात देशांत तीव्र न्यूमोनियाच्या ४,२३२ मुलांची तुलना पाच हजारांवर निरोगी मुलांशी केली. २०१९ मध्ये उत्तर आले : सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंमुळे, २७ टक्के जिवाणूंमुळे, तर जवळपास ६ टक्के क्षयरोगामुळे. आरएसव्ही हा एकटा विषाणूच ३१ टक्के आजारांच्या मुळाशी होता. भारत त्या सात देशांत नव्हता, त्यामुळे आपल्याकडचे प्रमाण निराळे असू शकेल. पण धडा स्पष्ट आहे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तेथे ऑक्सिजन आणि शुश्रूषाच जीव वाचवते. जिवाणूवर मात्र अँटिबायोटिक वेळेत हवे. खेड्यात बाहेरून हा भेद ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही जवळ असले पाहिजेत.

रोखण्याचे उपायही आहेत. हिब जंतूवरची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस मध्यप्रदेशात २०१८ पासून सरकारी लसीकरणात आहे : दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने. नवव्या महिन्याचा डोस बरेचदा “पोर तर बरे आहे” म्हणून राहून जातो. तो चुकवू नये. अंगावरचे दूध, चुलीच्या धुरापासून दूर खाट, पोटभर आहार हेही तितकेच महत्त्वाचे.

आणि डागणे बंद! २०२३ मध्ये आपल्याच राज्यात, शहडोल जिल्ह्यात, न्यूमोनियाने आजारी तान्ह्या मुलींना तापल्या सळईने डागल्याचे व त्या दगावल्याचे प्रकरण देशभर गाजले. हसण्यावारी नेऊ नका. असे सल्ले सुशिक्षित घरांतूनही कानावर येतात.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळे पडत असतील, तर क्षणभरही थांबू नका.

राहिला प्रश्न आपल्या राजकीय जबाबदारीचा. बालमृत्यूची कारणमीमांसा करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१४ मध्येच काढली आहेत. आपले पंच, सरपंच, जनपद सदस्य यांनी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षी पाच वर्षांखालची किती बालके गेली? कशाने गेली? जवळच्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन रात्रीही चालू असतो काय? पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हेच तीन प्रश्न विचारू या.